न जोडलेलं तिसरं पान

चांगवॉन, १७ जून २०२५

आत्या,

तुमचं पत्र आणि शेजारणीने पाठवलेला पाटीचा फोटो मिळाला. त्यावरून मला समजलं ते खाली लिहिते. चूक असेल तिथे दुरुस्त करून पाठवा.

१. आजोबांना १९८३ च्या वसंतात सोत्गोलच्या मागच्या डोंगरउतारावर पुरलं.
२. जमीन आपली नव्हती, म्हाताऱ्या मेंग यांची होती. त्यांनी तोंडी परवानगी दिली. कागद नाही.
३. तेव्हापासून दर वर्षी चुसोकच्या सणाआधी थडग्यावरचं गवत तुम्ही कापता. एकही वर्ष चुकलेलं नाही.
४. या मार्चमध्ये मेंग यांच्या नातवाने तो डोंगर एका सौरऊर्जा कंपनीला विकला.
५. ९ जूनला थडग्यापाशी पाटी लागली. वारसांनी ९ सप्टेंबरच्या आत थडगं हलवावं, नाहीतर कंपनी पुढची कारवाई करेल, असं तिच्यावर आहे.
६. १० जूनला कंपनीचा व्यवस्थापक तुमच्या गिरणीत आला. काय बोलणं झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही.
७. आजी तिथे नाही. तिच्या अस्थी २०१६ पासून शहरातल्या अस्थिभवनात, सातव्या ओळीतल्या कप्प्यात आहेत.

सातवा मुद्दा या प्रकरणाचा नाही. यादी पूर्ण असावी म्हणून लिहिला.

मी वकील नाही. कारखान्यांतले दाबमापक खरं सांगतात की नाही, हे तपासायचं माझं काम आहे. पण सर्वसामान्यांना कायदा समजावा म्हणून सरकारने चालवलेली एक मोफत साइट आहे, आणि न्यायालयांचे निकालही तिथून उघडता येतात. रविवारी बसून वाचते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्रानेच चालू ठेवू. तोवर कशावरही सही करू नका.

हेदाम


सोत्गोल, २२ जून

हेदाम पोरी,

पोस्टमनने पाकीट दिलं, मी उघडलं, आणि मला वाटलं वीज खात्याची नोटीस आली. आकडे घालून आत्याला पत्र लिहिणारी तू पहिलीच. तुझा बापही असाच होता. शाळेत मार खाऊन घरी आला तरी आधी कोणी मारलं, मग कुठे मारलं, मग किती मारलं असं क्रमाने सांगायचा. आई म्हणायची, "आधी रडून घे रे, मग सांग."

तिसऱ्या आकड्यात चूक आहे. १९९१ साली मी बाळंतीण होते. त्या वर्षी गवत तुझ्या आजीने कापलं. तशीही ती ऐंशीची होईपर्यंत माझ्या मागे मागे विळा घेऊन यायची आणि मी कापलेलं पुन्हा कापायची. मी वेडंवाकडं कापते म्हणे.

सहावा आकडा. तो माणूस आला तेव्हा मिरच्या दळणं चालू होतं. शिंकत शिंकत दारात उभा. मी मशीन बंद केलं, कारण मशीन चालू असलं की मला काही ऐकू येत नाही, आणि बंद असलं की थोडंसंच येतं. तो कानाशी येऊन ओरडला, "आजी! घरातला कर्ता मुलगा कोण?"

मी म्हटलं, "तुझी आजी असते तर आधी तुझं नाक पुसलं असतं. कर्ता मुलगा वारला दोन वर्षांपूर्वी."

"मग नातू?"

"नातू जहाजावर आहे. कुठल्या समुद्रात ते त्यालाच माहीत नाही."

"मग आम्ही बोलायचं कुणाशी?"

"आत्ता बोलतोयस ते काय भिंतीशी?"

हसला बिचारा. वाईट नाही वाटला मला. पण जाताना म्हणाला की मुलीच्या बोलण्याला तसा अर्थ नसतो, नातवाचा काही कागद असेल तर पाठवा. बेचाळीस वर्षं मी त्या उतारावर गुडघे झिजवले, हेदाम. तुझा भाऊ हेउल लहानपणी दोनदा आला, त्यातल्या एकदा त्याला मधमाशी चावली. तरी थडगं त्याचं.

सातवा मुद्दा या प्रकरणाचा नाही म्हणतेस. बरं.

लवकर लिही. पाटी वाऱ्याने हलते आणि मला गिरणीच्या खिडकीतून दिसते.

आत्या


चांगवॉन, २९ जून

आत्या,

१९९१ ची दुरुस्ती केली. तुम्ही नसताना आजीने कापलं, म्हणजे खंड पडला नाही. आपल्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे.

मला जे सापडलं ते असं. दुसऱ्याच्या जमिनीवरचं थडगं २००१ च्या आधीचं असेल, वीस वर्षं उघडपणे, कुणी हरकत न घेता राहिलेलं असेल, आणि घरचे त्याचा सांभाळ करत असतील, तर ते तिथेच ठेवण्याचा हक्क तयार होतो. जमीन विकली तरी तो जात नाही. मालकाने परवानगी दिली असेल तरीही हक्क असतोच. आजोबांचं थडगं दोन्ही बाजूंनी बसतं. हक्क फक्त थडग्यावरच्या मातीच्या घुमटीपुरता नाही. सांभाळ करायला लागणारी आजूबाजूची जागाही त्यात येते.

साइटवरच्या या विषयाची तीन पानं आहेत. पहिली दोन छापून जोडली आहेत. कामाच्या ओळी पिवळ्या केल्या आहेत, आणि कुठून घेतलं तो पत्ता खाली लिहिला आहे. तिसरं पान नव्या दफनाबद्दल आहे. आपल्याला लागू नाही, म्हणून जोडलं नाही.

सोबत कंपनीला द्यायचं पत्र लिहून पाठवते. तुमच्या अक्षरात उतरवा, छापलेली दोन पानं जोडा आणि पोस्टात मजकुराची नोंद ठेवून घेणारं टपाल असतं, त्याने पाठवा. हक्क मुलीचा की नातवाचा, हे अजून वाचलेलं नाही. कंपनीने तो मुद्दा लेखी काढला तर वाचेन.

पानाच्या तळाशी अशी सूचना आहे: ही माहिती केवळ समजण्यासाठी आहे, प्रत्यक्ष प्रकरणात तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ती मी झाकलेली नाही.

हेदाम


सोत्गोल, १३ जुलै

वकीलबाई,

आता गावात तुझं हेच नाव आहे. पाटी गेली!

तुझं पत्र मी तीनदा उतरवलं. पहिल्यांदा शाई सांडली, दुसऱ्यांदा मिरचीचे हात लागले. पोस्टातली पोरगी कागद बघून म्हणाली, "आजी, हे कुणी लिहून दिलं? पक्कं आहे एकदम." मी म्हटलं, "भाचीने. इंजिनिअर आहे." ती म्हणाली, "मग बरोबर."

आठ दिवसांनी व्यवस्थापक आला तो पिवळ्या खरबुजांची पेटी घेऊन. या वेळी शिंकलाही नाही. वाकून म्हणाला, "आमच्या लोकांनी वाचलं. थडगं राहू दे. आम्ही भोवती पाच-सहा मीटर सोडून खांब रोवू." मी विचारलं, "मुलीच्या बोलण्याला अर्थ आला का?" तर कानापर्यंत लाल झाला. मी त्याला एक बाटली तिळाचं तेल दिलं. त्याच्या हाताने त्याने पाटी उपटली, मी स्वतः बघितलं.

आता पलीकडची सोंग वहिनी कुंपणाचं भांडण घेऊन येते, दुकानवाला कसलीशी सूचना घेऊन येतो. म्हणतात तुझ्या भाचीला विचार. मी सांगितलं, ती फुकट बोलत नाही आणि पैसे घेऊनही फार बोलत नाही.

बरं, दोन गोष्टी.

एक, तुझ्या पिवळ्या ओळीत सांभाळ असं आहे. पावसाने घुमटीचा पायथा वाहून गेलाय. माती घालून नीट केलं तर चालतं ना? आधी विचारून घेते, नाहीतर म्हणशील विचारलं नाही.

दोन, आजीचा कप्पा सातव्या ओळीत आहे. मला शिडी लावावी लागते, आणि शिडी धरायला कुणी नसतं. मागच्या वेळी फुलं माझ्या हातातून पडली ती खालच्या कुणा किम आजोबांच्या पुढ्यात. त्यांची चैन झाली. जागा बदलायचा अर्ज सोबत पाठवते. तुझ्या बापामागे तो कप्पा तुझ्या नावावर आहे, म्हणून सही आणि शिक्का तुझा लागतो. लवकर पाठव. पुढचा महिना कामाचा आहे.

खरबुजं तुझ्यासाठी ठेवली होती. नासतील म्हणून खाल्ली.

आत्या


चांगवॉन, १९ जुलै

आत्या,

मला वकीलबाई म्हणू नका. दुसऱ्यांचे कागद घेऊ नका. एक प्रकरण नीट वाचलं म्हणजे दुसरं समजतं असं नाही.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं:

पहिला. हो. सांभाळ आणि दुरुस्ती हक्कात येते. गवत काढणं, वाहून गेलेली माती घालणं चालतं.

दुसरा. अर्जावर सही केली, शिक्का मारला, ओळखपत्राची प्रत जोडली. अर्जात दोन चौकोन आहेत, "कप्पा बदलणे" आणि "अस्थिकलश बाहेर नेणे". दोन्ही रिकामे आहेत. योग्य त्यावर तुम्ही खूण करा.

पाटी गेली हे वाचून बरं वाटलं. ते पत्र मी कामावर घेऊन गेले होते आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं.

हेदाम


सोत्गोल, ६ ऑगस्ट

हेदाम,

आता सांगते. आधी सांगायचं नव्हतं. अधिक महिन्यातलं काम उरकेपर्यंत बोलून दाखवायचं नसतं.

तुला शहरात कुणी सांगितलं नसेल. यंदा सहावा महिना अधिक आलाय. या महिन्यात वरच्यांची नजर खाली नसते. एरवी थडग्याला कुदळ लावली तर घरावर काहीतरी येतं, पण अधिकात लावलं तर कुणी विचारत नाही. आपल्याकडे ज्यांना ज्यांना थडगं उघडायचं असतं ते तीन-तीन वर्षं या महिन्याची वाट बघतात. माणसं मिळत नाहीत. मी चैत्रातच कुदळवाल्या थाक म्हाताऱ्याला सांगून ठेवलं होतं. मग मध्येच ती पाटी आली आणि मला वाटलं, संपलं. पण तुझा कागद आला.

रविवारी, ३ तारखेला, मी तुझ्या आजीला घरी आणलं.

अर्जातल्या दुसऱ्या चौकोनावर मी खूण केली. रागावू नकोस. तुला विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस तर? नऊ वर्षांपूर्वी तुझ्या बापाने नाहीच म्हटलं होतं. "आता कोण पुरतं? कप्पा स्वच्छ असतो, पाऊस लागत नाही." आई शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाली होती, "मला कपाटात ठेवू नका." मी हो म्हटलं होतं. नऊ वर्षं मी शिडीवर चढून तिची माफी मागितली.

बसमध्ये कलश मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई म्हणाली, "आजी, लोणच्याची बरणी का? सांडेल, खाली ठेवा." मी म्हटलं, "आई आहे." ती उठली आणि मला खिडकीशी बसवलं.

थाकने बाबांची घुमटी उघडली तर आत ओल. पायथ्याकडून पाणी शिरत होतं. तो म्हणाला, "वहिनी, म्हातारा बेचाळीस वर्षं ओल्यात झोपलाय." मी तिथेच बसले. मग त्यानेच जागा दाखवली, वरच्या अंगाला, कोरडी, सूर्य येणारी. बाबांची हाडं त्याने एकेक करून तांबड्या दारूने पुसली, पांढऱ्या कापडात क्रमाने मांडली. तुला आवडलं असतं ते, सगळं मोजून-मापून. मग बाजूला आई. दोघांवर मिळून एक मोठी घुमटी केली. जुना खड्डा बुजवला.

सांभाळ हक्कात येतो असं तूच लिहिलंस, म्हणून हिंमत केली. याहून मोठा सांभाळ कुठला?

या वेळी गवत कापायला ये. एका हाताने होत नाही आता.

आत्या


चांगवॉन, ११ ऑगस्ट

आत्या,

पत्र मिळालं. खालच्या प्रश्नांची उत्तरं लगेच पाठवा.

१. नवी घुमटी जुन्या जागेपासून किती अंतरावर आहे?
२. जुन्या जागी काही शिल्लक आहे का?
३. काम चालू असताना कंपनीचं कुणी डोंगरावर होतं का?
४. फोटो काढले गेले का, कुणी?

या विषयावर आणखी कुणाशी बोलू नका.

हेदाम


सोत्गोल, २० ऑगस्ट

हेदाम,

आजी घरी आली असं मी लिहिलं, तू मला अंतर विचारतेस. ठीक आहे.

१. माझी आठ पावलं. माझी पावलं लहान आहेत.
२. काही नाही. थाकने गवताचे तुकडे लावून सारखं केलं. ओळखू येत नाही, इतकं छान.
३. होते की. तिघं जण त्यांची ती तिपाई लावून मोजमाप करत होते. व्यवस्थापकही होता. उन्हात उभे होते, म्हणून मी बोलावलं. तांदळाची दारू दिली, वाफवलेल्या वड्या दिल्या. व्यवस्थापकाने घुमटीपुढे दोनदा डोकं टेकलं.
४. त्यांनीच काढले. मी म्हटलं, काढा, छान काढा, माझ्या भाचीला पाठवा.

पत्र लिहून झालं आणि पोस्टमन आला. कंपनीचं आहे. दोनदा वाचलं. शब्द कळतात, पण पत्र कळत नाही. त्यात आपले फोटो आहेत. एकात मी वडीचं ताट धरून हसते आहे. आधी वाटलं, खरंच पाठवले. मग खाली बघितलं तर "मूळ थडगं नष्ट" असं काहीतरी आहे. नष्ट कसं? मी तर नीट केलं.

तूच वाच. तू वाचलंस की मला कळेल.

आत्या


चांगवॉन, ७ सप्टेंबर

आत्या,

अठरा दिवस उत्तर दिलं नाही. या दिवसांत मी वाचत होते.

कंपनीचं म्हणणं असं आहे: जो हक्क होता तो १९८३ च्या त्या थडग्याला होता. ते उघडून दुसरीकडे नेलं, तेव्हा तो संपला. नवी घुमटी २०२५ ची आहे. ती २००१ च्या नंतरची आहे आणि परवानगीही नाही. म्हणून दोघांनाही हलवावं. मुदत ३० सप्टेंबर.

आठ पावलं म्हणजे साधारण चार मीटर. सांभाळासाठी लागणाऱ्या जागेच्या आतच येतं. मला वाटलं, इथे वाट असेल. मी थडगी हलवल्याचे आणि नवरा-बायकोला एकत्र पुरल्याचे एक्केचाळीस निकाल वाचले. तक्ता केला. एका रकान्यात किती हलवलं, दुसऱ्यात कुणाला जोडलं, तिसऱ्यात काय ठरलं. तिसऱ्या रकान्यात सगळीकडे एकच गोष्ट आहे. हक्क थडगं आहे तसं ठेवण्याचा आहे. त्या जागेच्या आतसुद्धा हलवण्याचा किंवा आणखी कुणाला, अगदी बायकोलाही, आणून पुरण्याचा नाही. पाणी शिरलं होतं म्हणून कुणी सवलत दिलेली मला सापडली नाही.

शुक्रवारी अर्धी रजा घेऊन मोफत कायदा सल्ला केंद्रात गेले. नंबर सत्तावीस, वेळ वीस मिनिटं. वकीलबाईंनी माझा तक्ता पूर्ण वाचला.

"तुम्ही कायद्यातल्या आहात का?"

"नाही."

"छान केलंय."

"यात चूक कुठे आहे?" मी विचारलं.

"चूक नाही. तुम्ही बरोबर वाचलंय."

"मग पुढे?"

"पुढे हेच. कंपनीशी बोलून वेळ मागून बघा." मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं. सात मिनिटं उरली होती. ती आम्ही दोघींनी तक्त्याकडे बघत घालवली.

त्या दिवशी पहिल्यांदाच मला माझं वाचन चुकलेलं हवं होतं.

मग व्यवस्थापकाला फोन केला. त्याचा आवाज खाली गेला होता. म्हणाला, "ताई, माझा काही राग नाही. तुमच्या आत्यांनी मला वड्या खाऊ घातल्या. फोटो नेहमीच्या अहवालात गेले आणि वरच्या एकाने विचारलं, हे थडगं तेच आहे का? मग तुमच्या पत्राखालचा पत्ता होता ना, तो त्याने उघडला. पुढचं पान वाचलं."

तिसरं पान सोबत जोडते आहे. आता. त्यावरच्या दोन ओळी पिवळ्या केल्या आहेत. २९ जूनला मी ते पान वाचलं होतं. पूर्ण वाचलं होतं. आम्हाला कामात शिकवलं आहे की विचारलं तेवढंच अहवालात लिहायचं. जे लागू नाही ते लिहिलं की वाचणारा गोंधळतो. तुम्ही नव्या दफनाबद्दल विचारलं नव्हतं. माझ्या कॅलेंडरवर अधिक महिना नव्हता. पण अर्जावरचे दोन रिकामे चौकोन मला दिसले होते, आणि रिकामा रकाना असलेल्या कागदावर मी कामावर कधीही सही करत नाही. तुमच्या कागदावर केली, कारण तुम्ही खूश होतात आणि मला उशीर करायचा नव्हता.

प्रत्येक पत्रात मी लिहिलं ते बरोबर होतं. तरीही मी तुम्हाला बुडवलं. हे कुठल्या आकड्याखाली लिहायचं ते मला कळत नाही.

एक गोष्ट उरली आहे. हक्क मुलीचा की नातवाचा, हे वाचायचं मी पुढे ढकललं होतं. आता वाचलं. आधी मुलगा आणि नातू पुढे धरत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बदललं. घरच्यांत वेगळं ठरलेलं नसेल तर मुलगा-मुलगी बघायचं नाही, सगळ्यात जवळच्या वंशजांत वयाने मोठं कोण ते बघायचं. मला समजलं त्याप्रमाणे त्या तुम्ही आहात. हेउलचा कागद लागत नाही. बेचाळीस वर्षं थडगं तुमचंच होतं असं मी म्हणेन, पण साइट एवढंच सांगते की आता ते तुमचं आहे. मी हे कंपनीला कळवलं. त्यांनी लगेच मान्य केलं, कारण त्यामुळे त्यांना कुणाची सही घ्यायची ते कळलं.

ते संमतीपत्र सोबत आहे. त्यात तुमचं नाव छापलेलं आहे. कुठलाही रकाना रिकामा नाही.

व्यवस्थापकाने स्वतःच्या जबाबदारीवर एवढं मिळवलं: २२ सप्टेंबरच्या आत सही पोचली तर मुदत ३० सप्टेंबर नाही, १२ ऑक्टोबर. म्हणजे ६ तारखेचा चुसोक दोघांचा तिथेच होईल. सही पोचली नाही तर ३० नंतर कंपनी न्यायालयात जाईल आणि प्रतिवादी म्हणून तुमचं नाव येईल. मला तिथे काही करता येणार नाही. मी तुमच्या बाजूने उभीही राहू शकत नाही, फक्त मागच्या बाकावर बसू शकते.

अस्थिभवनात विचारून ठेवलं आहे. दुसऱ्या ओळीत दोघांसाठी एक जोडकप्पा रिकामा आहे. शिडी लागणार नाही. आजोबांचं दहन करावं लागेल. आजीने कपाटात ठेवू नका म्हटलं होतं, हे मला तुमच्या पत्रामुळे माहीत आहे. दुसरी जमीन मी शोधली. आपल्याला परवानगी मिळेल अशी सापडली नाही.

सही करा असं मी सांगत नाही. करू नका असंही सांगत नाही. मी वकील नाही, हे पहिल्या पत्रात लिहिलं तेव्हा ते खरं होतं, पण ते मी स्वतःच्या सोयीसाठी लिहिलं होतं.

सही करायची असेल तर संमतीपत्र पाठवा. करायची नसेल तर कोऱ्या कागदावर "नाही" एवढं लिहून पाठवा. दोन्हीपैकी जे पाठवाल त्याच्या मागे हे लिहा, की घरात दुसरा विळा आहे की मी इथून घेऊन येऊ. २८ तारखेला रविवार आहे, मी गवत कापायला येते आहे. वेडंवाकडं कापेन.

तुमचं उत्तर माझ्याकडे शुक्रवार, १९ सप्टेंबरपर्यंत पोचेल असं पाठवा.

हेदाम